पोचल्या पोचल्या पाण्यात नाही!

बालमित्रांनो, आधी एक सोपं गणित सोडवा. पुण्याहून मालवण ३८० किलोमीटर आहे असं धरू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने गेली, तर मालवणला पोचायला किती वेळ लागेल?

करा भागाकार. ७ तास ३६ मिनिटं! उत्तर अगदी बरोबर, पैकीच्या पैकी गुण. पण या उत्तरावर विसंबून सकाळी सहाला निघालात आणि दुपारी दोनला समुद्रात डुंबायचं ठरवलंत, तर फजिती ठरलेली. कारण आपल्या गणितात धाकट्या बहिणीला लागलेली शू नाही. घाटात पुढे सरपटणारा उसाचा ट्रक नाही. आजीला पाय मोकळे करायला हवेत, ते नाही. भूक, तहान, उलटी आणि "आई, अजून किती लांब?" हे तर नाहीच नाही. हे सगळं धरलं, की साडेसातचे दहा-अकरा तास सहज होतात.

मग काय होतं? संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाडी एकदाची किनाऱ्याजवळ थांबते. दार उघडतं आणि दिवसभर आंबलेली पोरं सुसाट पाण्याकडे! बाबा डिकीतून सामान काढताहेत, आई खोलीची चौकशी करतेय. 'मुलांकडे तू बघतोयस' असं तिला वाटतंय आणि 'तू बघतेयस' असं त्यांना. माझ्या मते सगळ्या सहलीतली सर्वांत धोक्याची घटका हीच. मोठी माणसं दमलेली, लहान मुलं मोकळी सुटलेली आणि समुद्र कुणाच्याच ओळखीचा नाही.

म्हणून आज मी तुम्हांला मालवणच्या सहलीचा एकच नियम सांगणार आहे. पोचल्या पोचल्या पाण्यात नाही! हा नियम पाळायचा असेल तर त्याची तयारी घरून निघतानाच करावी लागते. कशी, ते बघू या.

गाडीचा कप्तान कोण?

गाडी बाबा चालवोत, मामा चालवोत की एस. टी.चे चालककाका, प्रवासाचा खरा कप्तान गाडीतलं सर्वांत लहान मूल असतं. त्याच्या मापाने वाट कापायची. दर दोन तासांनी थांबायचं, म्हणजे थांबायचंच; पळायचं, उड्या मारायच्या, पाणी प्यायचं. बारा वर्षांखालच्या मुलांनी मागच्या सीटवर, पट्टा लावून बसावं. खिडकीतून हात किंवा डोकं बाहेर काढायचं नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर आई-बाबांनो, प्रवास दोन दिवसांत वाटून घ्या. पुण्याहून निघालात तर पहिला मुक्काम कोल्हापूरला. मुंबईहून निघालात तर अंतर आणखी मोठं, सुमारे ५०० किलोमीटर. मुक्काम चिपळूणला किंवा रत्नागिरीला. एका मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगात त्राण असताना आणि लख्ख उजेडात तुम्ही किनाऱ्यावर पोचता. पैसे वाचवायचे असतील तर मालवणातली एक रात्र कमी करा, वाटेतली नको.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ ही स्टेशनं मुंबईला जोडली गेली आहेत. लहान मुलांना गाडीत बसणं मुळीच सोसत नसेल, तर आगगाडी उत्तम. पण रस्त्याने जाण्यात एक वेगळी गंमत आहे बरं का!

नद्या मोजत जा

"अजून किती लांब?" हा प्रश्न किलोमीटरमध्ये सोडवू नका. तो नद्यांमध्ये सोडवा. एक वही घ्या. जो वाचू शकतो त्याने पुलावरची पाटी वाचायची, जो वाचू शकत नाही त्याने रेघ ओढायची.

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना शिरवळला नीरा लागते. मग कृष्णा, कऱ्हाडला कोयना, पुढे वारणा आणि कोल्हापूरच्या दाराशी पंचगंगा. कऱ्हाडला जरूर थांबा. तिथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात. या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे.

आता नकाशा उघडा आणि या पाचही नद्यांवरून बोट फिरवा. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. कोयना, वारणा, पंचगंगा या तर थेट कृष्णेलाच. आणि कृष्णा? ती महाबळेश्वरला उगवते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर! पण ही बाई त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का बरं? मधे सह्याद्रीची भिंत आहे ना!

कोल्हापूर सोडल्यावर राधानगरीचा रस्ता धरा. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधायला घेतलेलं धरण इथेच आहे. पुढे दाजीपूरचं दाट जंगल लागतं. गव्यांसाठी हे प्रसिद्ध आहे. मग येतो फोंडा घाट, आणि घाट उतरलात की तीच भिंत तुम्ही ओलांडलेली असते. आता भेटणारी नदी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे धावते. कणकवलीजवळची गड नदी बघा. ती मालवणच्या उत्तरेला समुद्राला मिळते. म्हणजे तुम्ही आणि गड नदी, दोघेही एकाच गावाला निघालेले!

मुंबईकरांनो, तुमच्या वहीत वेगळी नावं येतील. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर (पूर्वी याला १७ क्रमांक होता) महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. या सगळ्या पश्चिमेकडे जातात. कशेडीचा नागमोडी घाट चुकवायला आता बोगदा झाला आहे. पण नदी दिसली की खिडकीकडे डोळे हवेतच.

माती बघायलाही विसरू नका. घाटावर काळी किंवा करडी दिसणारी माती घाट उतरल्यावर तांबडी होते. घरांच्या भिंतीसुद्धा तांबड्या, कारण त्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या असतात. कसालला महामार्ग सोडून मालवणच्या फाट्याला वळलात की तीस-बत्तीस किलोमीटर उरले. मग माडांच्या रांगा सुरू होतात आणि वारा खारट लागायला लागतो.

घाट आणि पोट

घाटात उलटी का होते, ठाऊक आहे? आपल्या कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, "आपण वळतोय, हेलकावे खातोय." पण तुमचे डोळे जर पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये असतील, तर ते सांगतात, "छे, आपण तर स्वस्थ बसलोय." दोघांचं भांडण जुंपतं आणि शिक्षा होते पोटाला!

उपाय सोपा आहे. घाटात पुस्तक बंद, मोबाईल बंद. खिडकी थोडी उघडायची आणि समोर लांबवर, डोंगराच्या कडेकडे बघायचं. निघताना तळलेले वडे नकोत, पोट अगदी रिकामंही नको. मऊभात किंवा पोळीचा लाडू चालेल. तोंडात आलेपाकाची वडी ठेवा. आणि दोन-तीन रिकाम्या पिशव्या हाताशी असू द्या. मागच्या डिकीत ठेवलेली पिशवी वेळेला काय कामाची?

घाट उतरताना कानांना दडे बसतात. खाली येऊ तशी बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून हे होतं. आवंढा गिळला की कान मोकळे होतात. तान्ह्या बाळाला हे सांगता येत नाही, ते नुसतं रडतं. त्याला अशा वेळी दूध पाजावं. पावसाळ्यानंतर घाटांची कामं चालू असतात, रस्ता बंदही ठेवतात. तेव्हा आदल्या दिवशी कोल्हापुरात चौकशी करावी हे बरं.

पहिली संध्याकाळ फक्त बघण्याची

पोचलो एकदाचे! आता आपला नियम आठवा. मुलांनो, पहिल्या संध्याकाळी पाण्यात जायचं नाही म्हणजे किनाऱ्यावर जायचंच नाही असं नाही. सामान खोलीत टाका, हातपाय धुवा, काहीतरी खा आणि मग सगळे मिळून जा. पाण्याची रेघ जिथे पोचते तिथून दहा पावलं अलीकडे बसा. आणि बघा.

ओहोटी असेल तर ओल्या वाळूवर बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती काढणारा कलाकार नखाएवढा खेकडा असतो. तो वाळूतलं अन्न खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. मालवणीत खेकड्याला कुर्ली म्हणतात. कोळीबांधवांनी रापण लावली असेल तर तुमचं नशीब थोर! होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बांगडे, तारल्या फडफडताना दिसतात. मधे लुडबुड न करता विचारलंत, तर दोरीला हात लावू देतीलही.

या बघण्यात एक मोठं काम उरकायचं आहे. कुणीतरी स्थानिक माणूस गाठायचा. होडीवाले काका, जाळं विणणारे आजोबा, नाहीतर खानावळीतल्या मावशी. त्यांना तीन प्रश्न विचारायचे: "इथे पोहायला चालतं का? ओढ कुठे असते? उद्या भरती किती वाजता?" ते "झिला, थंय जाव नको, ओढ आसा!" असं म्हणाले, तर थंय म्हणजे तिथे पाऊलही टाकायचं नाही. दिसायला तो किनारा कितीही सुंदर असो.

समुद्राचं घड्याळ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही स्वतःसुद्धा काढू शकता. कोकणातली जुनी माणसं ते तिथीवरून काढतात. रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, तितके वाजता पूर्ण भरती.

करून बघू. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ ला आणि पहाटे ३ च्या सुमाराला भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, आकडा एक ते पंधराच धरायचा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच.

हे जमतं कसं? भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरतीलाही रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर होतो. तिथी एकने वाढली की पाऊण तास वाढतो, हेच त्या पाऊणपटीचं गुपित! उत्तर अंदाजाचं असतं, मिनिटामिनिटाचं नव्हे. नेमकी वेळ होडीवाल्यांनाच विचारा.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी असतो, तो भांग. सहलीच्या तारखा हाती असतील तर लहान मुलांसाठी भांगाचे दिवस निवडलेले बरे. पावसाळ्याचे महिने तर टाळायचेच. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याच्या होड्याही बंद असतात.

ओढ म्हणजे काय?

लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात. मग ते पाणी परत जातं कुठून? वाळूच्या उंचवट्यांमध्ये जिथे फट सापडेल तिथून, एका पट्ट्यातून, जोराने. हीच ओढ. फसवी गोष्ट अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पाणी! आणि बघणाऱ्याला वाटतं, मुलांना खेळायला ही जागा छान. नदी समुद्राला मिळते तिथेही ओहोटीच्या वेळी पाणी वेगाने बाहेर धावतं. देवबागला कर्ली नदीचा संगम बघायला जरूर जा, पण तिथे पाण्यात उतरू नका.

ही भीती उगाच घालत नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल आली होती. त्या सहलीतल्या आठ जणांना समुद्रात जीव गमवावा लागला. ती काही लहान मुलं नव्हती, तरुण मंडळी होती. समुद्रापुढे वय आणि ताकद चालत नाही. तिथलं पाणी ओळखणाऱ्याचं ऐकावं लागतं.

म्हणून हे नियम वहीत उतरवून घ्या:

• पाणी गुडघ्यापर्यंतच. लाट आली की कमरेपर्यंत चढते, हे लक्षात ठेवा.

• प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर. 'सगळेच बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नाही. कोण कुणाकडे बघणार, ते नाव घेऊन ठरवा. फोटो काढणाऱ्याला या मोजणीत धरायचं नाही.

• ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे उलट पोहत दमू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका.

• दुसरा कुणी सापडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. हवेने फुगवलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका आणि होडीवाल्यांना हाका मारा. फोन ११२ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८.

• सकाळी अकरा ते दुपारी चार उन्हात नाही, अंधार पडल्यावर पाण्यात नाही.

मग मजा कधी?

अहो, दुसऱ्या दिवसापासून मजाच मजा! आता समुद्र ओळखीचा झालाय. सकाळी स्थानिक माणसांनी दाखवलेल्या जागी, गुडघाभर पाण्यात मनसोक्त खेळा. भुकेने परत या. खानावळीत सांगून ठेवलं तर तिखट न खाणाऱ्या चिमुरड्यांसाठी घावणे आणि खोबऱ्याची चटणी, किंवा उकड्या तांदळाची पेज मिळते. नारळाच्या गोड रसातल्या शिरवाळ्या मिळाल्या तर सोडू नका. येताना मालवणी खाजा घ्यायचाच.

दुपार उतरताना सिंधुदुर्ग किल्ल्यावर चला. होडीत बसण्याआधी तरंगजाकीट अंगात घालायचं आणि त्याचे बंद लावायचे. ते उशाला घ्यायची वस्तू नव्हे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. तीन वर्षांत, १६६७ मध्ये तो उभा राहिला. ४८ एकरांचा विस्तार आणि सुमारे तीन किलोमीटर तटबंदी! पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसत नाही, इतकं ते तटात लपलेलं आहे. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी आणि विहिरीत गोडं! ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत हा आहे, विजयदुर्गही आहे.

होडीतून येताना खाली बघा. या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा तुकडा उचलायला कायद्याने बंदी आहे. शंखात जीव असेल तर त्याला तिथेच राहू द्या. पिशवीत घालून आणलात, तर कोल्हापूर यायच्या आत गाडीभर असा वास सुटेल की विचारू नका!

परतीच्या दिवशीही घाई नको. सकाळी लवकर निघा, त्याच नद्या उलट्या क्रमाने मोजा. पेंग आलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही, आणि त्याला हे सांगायचं धाडस गाडीतल्या सर्वांत लहान कप्तानानेसुद्धा करायला हरकत नाही.

जाता जाता गृहपाठ. दिनदर्शिका काढा. येत्या सुट्टीतला कुठलाही एक दिवस निवडा, त्याची तिथी बघा आणि मालवणला त्या दिवशी भरती किती वाजता असेल, ओहोटी किती वाजता, ते काढा. मग आई-बाबांना विचारा, "त्या दिवशी आपण किती वाजता पोचणार? आणि पाण्यात कधी जाणार?" दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी "दुसऱ्या दिवशी सकाळी" असं उत्तर दिलं, तर त्यांनाही पैकीच्या पैकी गुण द्या.